बांधली, दिसली

काट्यांवरून भांडण झालं आणि दोघा भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, तेव्हापासून वहिनीच्या तोंडाला विसावा असा राहिला नाही. ती थोरल्याची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, त्याचं ऐकून शेजारीपाजारी म्हणायला लागले, मग कामावरचा मुकादमही म्हणायला लागला. आपल्याला दुसरंही नाव आहे हे आता तिचं तिलाच आठवावं लागायचं.

घर झाडं उतरवणाऱ्यांचं. झाड पाडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. मोकळ्या रानात बुंध्याला करवत लावली की झाड पडतं. पण खाली रस्ता असेल, तारा असतील, कुणाचं छप्पर असेल, तर ते वरून खाली तुकड्यातुकड्यानं उतरवावं लागतं. एकानं वर जायचं, फांदी दोराला बांधायची, कापायची, आणि खालच्यानं तो दोर हळूहळू सोडत ती जमिनीवर आणायची. शेंडा गेला, फांद्या गेल्या, की उरलेलं खोड वरून छाटत छाटत खाली यायचं. वर थोरला. खाली दोर धरायला धाकटा. फांद्या ओढून रस्त्याकडेला रचायला वहिनी. सासरे होते तेव्हा वर सासरे असायचे आणि खाली थोरला.

काटे सासऱ्यांचेच. नडगीला लागणारी लोखंडी पट्टी, ती तळव्याखालून वळलेली, आणि घोट्याच्या आतल्या अंगाला खाली तोंड केलेलं एक टोक. चामडी पट्ट्यांनी पायाला आवळायचे आणि ते टोक खोडात रुतवत एकेक पाऊल वर चढायचं. जे झाड राखायचं त्याला काटे कधी लावायचे नाहीत. पावलागणिक त्याला जखम होते आणि जखमेतून कीड शिरते. ज्याचं मरण ठरलंय अशा झाडालाच काटे.

तर एका सकाळी धाकट्यानं अंगणात बसून त्या काट्यांना धार लावली. त्याच्या मनात होतं, दादाला खूश करावं आणि मग हळूच विषय काढावा, की आता मलाही चढू दे. दादाचा उजवा गुडघा सकाळचा चहा होईपर्यंत वाकायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. धाकटा तिशीला आला तरी जमिनीवरच होता. त्यानं मन लावून कानस चालवली आणि टोकं पार सुईसारखी करून ठेवली.

थोरला मुकादमाला घेऊन आत आला आणि काटे हातात घेऊन बघतच राहिला. काट्याचं टोक छिन्नीसारखं जाड ठेवायचं असतं. सुईसारखं केलं तर ते लाकडात खोल रुतून बसतं, नाहीतर ऐन वेळी मोडतं. लोहाराकडून नवी बसवून आणायला सवड नव्हती, आता ती टोकं मागे घासून बोथट करण्यावाचून इलाज नव्हता, म्हणजे काटे आणखी आखूड होणार. आधीच बापाच्या आणि लेकाच्या वापरानं ते झिजून अर्धे झालेले. थोरल्यानं धाकट्याच्या थोबाडीत मारली. मुकादमासमोर.

"कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?"

धाकट्यानं गालाला हातही लावला नाही. "तुझा गुडघा गेलाय," तो म्हणाला. "मला कधी चढू देणार तू? तू मेल्यावर?"

"हो. मी मेल्यावर."

मुकादम घसा खाकरून रस्त्याकडे बघायला लागला. वहिनी दारात चहाचे कप घेऊन उभी होती. ते तिनं कुणाला द्यायचे, हेच तिला कळेना.

त्या दिवसापासून अबोला. दोघं एकाच घरात, मध्ये एक भिंत, तीही अर्धी.

"त्याला सांग, कानस जागेवर ठेवायला काय हात मोडले का म्हणावं," थोरला आतून म्हणायचा, तो 'त्याला' हातभर अंतरावर बसलेला असताना.

"भाऊजी, कानस सापडत नाहीये त्यांना, जरा बघता का?" वहिनी म्हणायची.

"सांगा त्याला, कानस काय त्याच्या बापाची आहे?"

"बघतो म्हणतात हो."

कोपऱ्यातल्या खाटेवरून सासूबाई म्हणायच्या, "बाप एकच होता की रे दोघांचा. का मला माहीत नसलेलं काही आहे?" यावर दोघांच्याही ओठाशी हसू यायचं आणि दोघंही तोंड फिरवून ते गिळायचे.

वहिनी हळूहळू या कामात तरबेज झाली. एकाच्या तोंडातला विंचू घ्यायचा, त्याची नांगी मोडायची आणि दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा. पुढे पुढे तर ती मनाचंच सांगायला लागली. धाकटा न जेवता उठला, तर "त्यांनी विचारलंय, भाऊजी का जेवले नाहीत", असं ती त्याला सांगायची, आणि थोरल्यानं अवाक्षर काढलेलं नसायचं. धाकटा परत पानावर बसायचा. थापा मारून मारून तिनं घर उभं ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा तोराही चढला होता.

काम मात्र थांबण्यातलं नव्हतं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी निलगिरीची जुनी झाडं होती, ती तहानेनं अर्धमेली झाली आणि मग त्यांच्यात भुंगेरे शिरले. साल सोलली की खाली त्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा दिसायच्या. आधी शेंडे वाळले, मग साल सुटून लांबच लांब पट्ट्यांनी लोंबायला लागली. एका दुपारी वाऱ्याचा मागमूस नसताना एक फांदी मोडून सायकल दुरुस्तीवाल्याच्या टपरीवर आली आणि टपरी दुमडून गेली. तो समोर चहा प्यायला गेला होता म्हणून वाचला. वाऱ्याचे दिवस लागायच्या आत रस्ता मोकळा करायचा, असा वरून हुकूम आला आणि मुकादमाच्या पायाला भिंगरी लागली.

थोरला चढायचा ते बघण्यासारखं असायचं. कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला जाड कमरदोर खोडाभोवती फिरवून घ्यायचा, त्यावर मागे रेलायचा, आणि पाय असा टेकवायचा की काटा हलक्या आवाजानं लाकडात बसावा. दोन पावलं, की कमरदोर मनगटाच्या एका झटक्यानं वर. परत दोन पावलं. गुडघा दुखायचा तेव्हा तो डाव्या पायावर जास्त भार घ्यायचा. हे खालून फक्त धाकट्याला आणि वहिनीला कळायचं, आणि ते दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलायचे नाहीत.

कमरदोराची एक अडचण असते. वाटेत फांदी किंवा छाटलेल्या फांदीचा खुंट आला की तो सोडून, खुंटाच्या वरून परत फिरवून घ्यावा लागतो. तेवढा वेळ माणूस नुसत्या काट्यांवर असतो. म्हणून कमरदोर सोडायच्या आधी दुसरी दोरी बांधायची. ती खोडाभोवती फिरवून तिचा फास आवळायचा आणि तिचं टोक पट्ट्याला अडकवायचं. काटा निसटलाच, तर कमरदोर खोडावरून नुसता घसरत येतो, पण फास आवळतो आणि माणसाला धरून ठेवतो. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम असा, की दोरी बांधली की वरच्यानं ओरडायचं, "बांधली". मग खालच्यानं हातातलं काम टाकून खोडाच्या पाठीमागे जायचं आणि बघायचं. कारण खोडाची पाठ वरच्याला दिसत नाही. तिकडे दोरी कशावर बसलीय, लाकडावर की सुटलेल्या सालीवर, की एखाद्या कुजक्या काटकीवर, हे खालच्यालाच दिसतं. नीट दिसलं की त्यानं म्हणायचं, "दिसली". त्याशिवाय वरच्यानं कमरदोराला हात लावायचा नाही. सासरे या शब्दाबाबत इतके कडक होते, की दुसऱ्या कशाला घरात कुणी सहज "दिसली" म्हटलं तरी ते दचकून वर बघायचे.

अबोला झाल्यावर याचंही त्रांगडं झालं. थोरला वरून म्हणायचा, "बांधली". कुणाला म्हणतोय ते सांगायचा नाही, जसं काही कावळ्यांना कळवतोय. धाकटा मागे जाऊन बघायचा, परत यायचा आणि वहिनीकडे बघून मान हलवायचा. मग वहिनी वर तोंड करून म्हणायची, "दिसली". मुकादम एकदा म्हणाला, "तुमच्यात हे मधलं स्टेशन कशाला घेतलंय?" वहिनी हसली. तिला ती थट्टा आवडली नव्हती. पण निभत होतं. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि निभतंय म्हटल्यावर त्यात धोका आहे हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

ते झाड वळणावरचं होतं, सगळ्यांत दांडगं. सकाळपासून थोरल्यानं त्याचा एका बाजूचा भार उतरवला होता. आता खोड जिथं दुभंगत होतं त्याच्या वर जायचं होतं आणि मध्ये मांडीएवढा जाड खुंट आडवा होता. धाकट्याच्या हातात त्या वेळी दोर होता. शेवटची कापलेली फांदी तारांच्या वर लोंबकळत होती, दोर शेजारच्या झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन त्यानं रोखून धरला होता, आणि फांदीचं एक टोक तारेत अडकलं होतं. तो झटके देत होता, शिव्या देत होता, पण दोर सोडता येत नव्हता.

मुकादम मोबाईल कानाला लावून कुणाला तरी "झालंच, झालंच" म्हणत फेऱ्या मारत होता. ऊन टाळूवर होतं. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना गाड्या थांबल्या होत्या आणि हॉर्न वाजत होते.

"बांधली," थोरला वरून म्हणाला.

धाकट्यानं वर बघितलं आणि परत आपल्या दोराकडे बघितलं. जागचं हलणं त्याला शक्यच नव्हतं. "थांब जरा" एवढंच म्हणायला हवं होतं, दोनच शब्द. ते त्यानं गिळले.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली नाही.

"बांधली म्हटलं," थोरला परत म्हणाला. आता आवाजात धार होती. "त्याला सांग, कान फुटले का म्हणावं. का आता तेवढंही नाही करायचं?"

धाकट्याची मान लाल झालेली वहिनीला दिसली. तिला पुढचं सगळं दिसलं. आता हा काहीतरी बोलेल, तो वरून बोलेल, मुकादमासमोर, थांबलेल्या गाड्यांसमोर, आणि संध्याकाळी घरात दोन चुली मांडायची भाषा होईल. ती उभी होती तिथून दोरी पुढच्या बाजूनं चांगली आवळलेली दिसत होती. मागे जायचं म्हणजे रचलेल्या फांद्यांचा ढीग ओलांडून, लोंबत्या फांदीला वळसा घालून जायचं. नेहमी ठीकच तर असते, तिच्या मनात आलं.

"दिसली," ती म्हणाली.

धाकट्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात वर कमरदोराची कडी सुटल्याचा आवाज आला.

थोरल्यानं खुंटाला वळसा घालायला उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्या काट्यावर आला. काटा आखूड, आणि खाली साल सुटलेली. तो सालीतच रुतला होता, लाकडापर्यंत पोचलाच नव्हता. साल फाटली आणि थोरला फासाच्या दोरीवर आदळला. पाठीमागे तो फास सालीच्या एका उभ्या पट्ट्यावर बसला होता. पट्टा सुटून आला, फास सैल झाला, आणि आतल्या गुळगुळीत वाळक्या लाकडावरून दोरी आणि माणूस दोन्ही घसरत खाली आले. तो ओरडला नाही. छाती आणि चेहरा खोडावर घासत गेल्याचा आवाज तेवढा आला. वाटेत उजवा काटा एका भेगेत रुतला आणि तिथंच राहिला. अंग तसंच पुढे खाली गेलं. वहिनीनं गुडघ्याचा आवाज ऐकला. मग खालच्या एका खुंटावर फास अडकला आणि थोरला उलटा लोंबत राहिला.

धाकट्यानं दोर सोडला. फांदी तारांवर गेली, ठिणग्या उडाल्या, सगळ्या गल्लीची वीज गेली. मुकादमाच्या टेम्पोवर शिडी होती. ती लावायच्या आधीच धाकटा तिच्यावर चढायला लागला होता. वहिनीला नंतर एवढंच आठवत राहिलं, की त्यानं थोरल्याला खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "दादा, मला धर. दादा, धर ना मला." इतक्या दिवसांतला तो त्याचा पहिला शब्द. पण थोरल्याची शुद्ध गेली होती, त्यानं काही तो ऐकला नाही.

हॉस्पिटलात गुडघ्यात सळ्या घातल्या. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. पाय राहील, म्हणाले, चालेलही काठीनं, पण गुडघा वाकायचा नाही. थोरल्याचा अर्धा चेहरा सोलून निघाला होता, त्यावर मलम चोपडलेलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आणल्यावर सासूबाईंची खाट त्याला दिली आणि सासूबाई खाली निजायला लागल्या. धाकटा ओसरीवर. आत यायचा नाही. पाणी भरायचा, औषधं आणायचा, थोरल्याला उचलून संडासला न्यायचा आणि परत ओसरीवर. उचलताना दोघांचे चेहरे जवळ यायचे आणि दोघंही दुसरीकडे बघायचे.

एका दुपारी थोरला तिला म्हणाला, "विचार त्याला."

"काय विचारू?"

"दिसली म्हणाला ना? विचार, काय दिसलं होतं म्हणावं. थोबाडीत मारली म्हणून माणूस सख्ख्या भावाला मारायला निघतो का, तेही विचार. मी बापासारखं बघितलं त्याला. वर चढू दिलं नाही ते कशासाठी? हौस होती मला? एवढा दुस्वास?"

इतके दिवस वहिनीला वाटत होतं, की तो शब्द तिचाच होता हे त्याला माहीत आहे. आवाज तर तिचाच होता. पण तिचा आवाज या घरात तिचा राहिलाच नव्हता. ती काहीही म्हणाली तरी ते दुसऱ्या कुणाचं तरी असायचं.

ती ओसरीवर आली. धाकट्यानं सगळं ऐकलंच होतं, भिंत अर्धीच होती. तो काट्यांच्या चामडी पट्ट्यांना तेल लावत बसला होता. हाताशी दुसरं काम नव्हतं म्हणून.

"भाऊजी," ती म्हणाली.

तो अगदी हळू बोलला, आत ऐकू जाऊ नये असं. "सांगा त्याला, चुकलो म्हणावं. घाईत होतो, नीट बघितलं नाही. माफ कर म्हणावं." मग तेलाच्या फडक्याकडे बघत तो म्हणाला, "काटे तर मीच बिघडवले होते ना. आणि मला तोंड होतंच की. थांब म्हणू शकलो असतो. जा तुम्ही, सांगा."

जन्मात पहिल्यांदा त्यानं तिच्या हातात असा शब्द दिला होता, ज्याची नांगी मोडावी लागणार नव्हती. असे कितीतरी शब्द तिनं मनानं रचून त्याच्या नावावर आत नेले होते. हा तर त्यानं स्वतः दिलेला, आणि तरीही खोटाच. तो नेला असता तर ती सुटत होती. कुणाला कधीच कळलं नसतं. घर राहिलं असतं, फक्त धाकट्यानं जन्मभर मान खाली घालून राहायचं होतं. तिला तिथंच उंबऱ्यावर बसून रडावंसं वाटलं. पण रडायला लागले तर मग सांगायचं राहूनच जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती आत गेली.

"ते काही म्हणालेच नव्हते," ती म्हणाली. "त्यांच्या हातात दोर होता, त्यांना हलता येत नव्हतं. त्यांनी मान पण हलवली नाही. दिसली मी म्हटलं, माझ्या मनानं. मागे जाऊन बघितलं नाही मी."

थोरला तिच्याकडे बघत राहिला.

"तुम्ही चिडला होता. मला वाटलं, भांडण होईल. मी घरात बोलते तशीच बोलले हो."

खाली वाकळेवर बसलेल्या सासूबाईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. थोरल्यानं डोळे मिटले. मग त्यानं हाक मारली. तिला नाही.

"अरे ए. आत ये."

धाकटा दारात आला. थोरल्यानं हातानं खाटेची कड दाखवली. धाकटा बसला. थोरल्यानं त्याच्या गालाला हात लावला, जिथं मारलं होतं तिथं, आणि दोघंही मोठी माणसं लहान पोरांसारखी रडली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. तिला हेच हवं होतं, इतके दिवस याच्यासाठीच तिनं जीव आटवला होता. आणि आता त्या खाटेजवळ तिला जागा नव्हती.

तेव्हापासून थोरला तिच्याशी बोलेना.

"वहिनी, दादा पाणी मागतोय," धाकटा म्हणायचा. "वहिनी, दादाची उशी जरा वर करा." तो बिचारा ओशाळायचा. एकदा त्यानं आपल्या मनानं भर घालून बघितली, "दादा म्हणतोय, तुम्ही जेवून घ्या." वहिनीनं त्याच्याकडे असं बघितलं, की त्यानं पुन्हा तो प्रयोग केला नाही. थोरला ओरडला असता, ताट फेकलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं. तो तिच्या हातचं जेवायचा, तिच्या हातून मलम लावून घ्यायचा, आणि नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे.

वळणावरचं झाड तसंच अर्धवट उभं होतं. वारा सुटायला लागला होता. मुकादम येऊन सांगून गेला, की मोठं यंत्र त्या वळणावर तारांमुळे शिरत नाही. तुम्ही करणार नसाल तर दुसरी माणसं बघतो आणि पुढचा सगळा रस्ताही त्यांनाच देतो. थोरल्यानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी लोहाराकडून काट्यांना नवी टोकं बसवून आणायला सांगितली. मग परसात पुरलेल्या जुन्या खांबापाशी खुर्ची टाकून घेतली आणि धाकट्याला उभं केलं.

"मिठी मारू नकोस खोडाला. भीती वाटली की माणूस मिठी मारतो आणि मिठी मारली की काटा निसटतो. गुडघे लांब. कंबर मागे. दोरावर रेल."

"पडेन ना."

"रेललास तर नाही पडणार. पाय आपटू नकोस, ठेव. साल सुटलेली असेल तर आधी सोलून काढ, लाकूड दिसल्याशिवाय काटा लावायचा नाही. आणि दोरी बांधल्याशिवाय कमरदोर सोडलास तर मी या काठीनं तुझं दुसरं थोबाड फोडीन."

वहिनी भांडी घासता घासता हे ऐकत होती. शब्द न् शब्द तिनं मनात साठवला. तिला कुणी काही शिकवत नव्हतं.

झाड उतरवायच्या दिवशी मुकादमानं थोरल्याला टेम्पोतून आणलं आणि रस्त्याच्या पलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पाय एका खोक्यावर. दोर धरायला मुकादमाचा एक माणूस होता. धाकटा काटे बांधून उभा राहिला तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

"खाली कोण बघणार?" मुकादमानं विचारलं.

धाकट्यानं थोरल्याकडे बघितलं. थोरला रस्त्याकडे बघत होता. "वहिनी बघतील," धाकटा म्हणाला.

तो चढला. सावकाश, साल सोलत, गुडघे लांब ठेवत. पट्टे सोलून खाली पडत होते आणि वहिनी ते उचलतही नव्हती. तिची मान वरच होती. वारा आला की खोड हलायचं. तो खुंटापाशी पोचला, त्याच खुंटापाशी. दोरी फिरवून घेतली, फास आवळला.

"बांधली."

वहिनी ढीग ओलांडून खोडाच्या पाठीमागे गेली. पायाला फांदी लागली, सोललं, तिनं बघितलं नाही. वर बघितलं तर सूर्य नेमका खोडाच्या पलीकडे, फांदीच्या बेचक्यात. दोरीची एक काळी रेघ दिसत होती. ती लाकडावर होती की सालीच्या उरलेल्या तुकड्यावर, ते कळत नव्हतं. तिनं डोळ्यांवर हात धरला. दोन पावलं डावीकडे गेली, परत उजवीकडे आली.

वर धाकट्याचे पाय थरथरायला लागले होते. सवय नसली की पोटऱ्या लवकर भरतात. दोर धरणारा माणूस म्हणाला, "ठीक दिसतेय की ताई." मुकादमानं घड्याळ बघितलं. थांबलेल्या गाड्यांपैकी एकीनं हॉर्न दिला.

"दिसली का गं?"

आवाज रस्त्यापलीकडून आला. थोरला खुर्चीत पुढे झुकला होता आणि सरळ तिच्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलला होता. तिला वाटलं, हो म्हणावं.

"नाही दिसली," ती म्हणाली. मग वर तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "भाऊजी, कमरदोराला हात लावू नका. मला दिसली नाही अजून."

ती आणखी मागे सरकली, गटाराच्या कडेपर्यंत, जिथून ऊन डोळ्यावर येत नव्हतं. थोरल्यानं मुकादमाला हातानं थांबायची खूण केली आणि सगळे थांबले.